भोकरटेकचा निळा दोर

केळीचा घड भरत आला की झाड घडाच्या बाजूला वाकतं. त्याला उलट्या बाजूने ओढून धरावं लागतं.

*

मोगराबाईच्या पांढऱ्या शेळीला एकच कान होता. दुसरा कुत्र्याने नेला.

*

वरच्या धरणाचे दरवाजे उघडले की पाणी टेकाला यायला साडेतीन तास लागतात.

*

नायलॉनचा दोर कापला की टोकं सुटतात. ती पेटत्या काडीने वितळवून बंद करायची. थेंब बोटावर पडला तर कातडी घेऊनच निघतो.

*

पंधरा ऑगस्टला मिळालेली शाल पहिल्या धुण्यातच रंग सोडते.

*

तलाठ्याच्या कागदावर बेटासाठी रकाना नाही.

*

भोकरटेक आधी बेट नव्हतं. तापीच्या काठावर एक उंच टेकाड, त्याच्या मागे जुना नाला, नाल्यापलीकडे गाव, असं होतं. खाली बंधारा झाला, पाणी तुंबलं, नाला भरला. तेव्हापासून आषाढ ते कार्तिक टेकावरची तीस घरं पाण्याच्या मधोमध राहतात. उन्हाळ्यात बैलगाडी जाते त्या वाटेवर पावसाळ्यात होडी लागते.

धुळ्याच्या एका संस्थेची सुलक्षणा जानेवारीत पहिल्यांदा आली. म्हातारे किती, पोहता कोणाला येतं, कोणी कोणाला उचलायचं, सगळं तिने घरोघर जाऊन लिहिलं. मग फायबरची होडी आली, वीस लाईफ जॅकेट आली, आणि दोनशे मीटर निळा दोर आला. नाल्याला पूर आला की वल्हं चालत नाही. म्हणून टेकावरच्या पिंपळापासून पलीकडच्या लोखंडी खांबापर्यंत दोर ताणायचा आणि होडीतल्यांनी तो हाताने ओढत पलीकडे जायचं.

"हा दोर म्हणजे पूल आहे, नाना," सुलक्षणा उखर्डूला म्हणाली. दोर त्याच्या घरी ठेवायचं ठरलं होतं. घर विटांचं, दाराला कुलूप. माजघरात त्याने खुंटी ठोकली आणि वेटोळं टांगलं.

*

दोनशे मीटर.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी तीनला आभाळ तांब्यासारखं झालं. उखर्डूची दीड एकर केळी नुकतीच निसवली होती, बाहेर आलेले घड भरू लागले होते. बांधायची प्लास्टिकची पट्टी दोन ओळी बाकी असताना संपली.

"चोपडाले जावाले येळ नई," तो म्हणाला.

"मंग टेकू लावा," पुष्पाबाई म्हणाली.

"टेकू उडी जातीन."

तो घरात गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या खांद्यावर निळं वेटोळं होतं. पुष्पाबाईने हातातला विळा खाली केला.

"तो ताईना शे ना?"

"ताईना नई, टेकना शे. मी काय टेकना नई का?"

"आनि पूर उना तर?"

"पूर भादवामा येस. तवपावत मी नवा आनी ठेवसू."

आधी एकच तुकडा कापला, सर्वांत मोठ्या घडासाठी. दहा फूट. मग शेजारच्या झाडाकडे बघवेना. सव्वीस तुकडे झाले. घाईत टोकं जाळताना उजव्या हाताची दोन बोटं भाजली. ती तोंडात घालून तो पुढच्या झाडाला गाठ मारत राहिला.

वारा आला. सव्वा तास होता. सकाळी शेजारच्या जीवरामची बाग झोपलेली होती. खोडं मधोमध मोडून पाणी गळत होतं, आणि जीवराम एका घडाजवळ नुसता बसला होता. उखर्डूची बाग उभी.

"तुनी केळी देवनी धरी ठेवी व्हती का रे?" जीवरामने विचारलं.

"बांधी व्हती," उखर्डू म्हणाला.

"मी बी बांधी व्हती."

उखर्डू आपल्या बागेकडे वळला. त्या दुपारी त्याने केळीची वाळलेली पानं घेऊन निळ्या दोरावर गुंडाळली. एकेक गाठ झाकली. पुष्पाबाईला सांगितलं, उन्हाने दोर कुजतो म्हणून.

*

एकशे वीस मीटर.

चोपड्याच्या दुकानात दोर होता, पण पिवळा. जाडी तीच, मजबूत तसाच. उखर्डूने तो हातात घेतला, ओढून पाहिला, परत ठेवला. ताईने निळा दिला होता. पिवळा बघून ती विचारेल. दुकानदार रुपचंद म्हणाला, "नाना, पानीले काय रंग समजस का?" उखर्डू हसला आणि निघून आला. नंतर बागेत खताचं काम आलं, मग पाऊस आला, मग नाला भरला.

वेटोळं खुंटीवर पातळ दिसत होतं. एक दिवस त्याने गोठ्यातलं जुनं चऱ्हाट आणलं. गाडीवर कडबा आवळायचा तो काळा पडलेला दोर. त्याचं वेटोळं आत ठेवलं, निळ्याच्या टोकाला गाठ मारली आणि बाहेरून निळा गुंडाळून घेतला. आता ते पुन्हा पहिल्यासारखं जाड दिसलं. गुंडाळताना त्याने माजघराचं दार लावून घेतलं होतं. स्वतःच्या घराचं, भरदिवसा.

जूनमध्ये मोगराबाई त्याच्या बागेत केळीची पिलं कापायला आली. ती आणि तिचा नवरा ठाकऱ्या सातपुड्याच्या पायथ्याचे. कामाला आले आणि टेकाच्या खालच्या कडेला झोपडी घालून राहिले, त्याला अकरा वर्षं झाली. मोगराबाई वाळलेली पानं ओढायची, विळ्याने तोडायची, पुढे सरकायची. एका झाडाजवळ तिचा हात थांबला. पानाखालून निळं दिसलं. तिने मान वळवली तेव्हा उखर्डू बांधावर उभा होता.

तिने पाहिलं हे त्याने पाहिलं.

"नाना," ती म्हणाली, "ह्या दोन वळीना पानडा राहू देऊ का?"

"राहू दे," तो म्हणाला.

ती पुढच्या ओळीत गेली. संध्याकाळी मजुरी घेताना ती रोजच्यासारखीच बोलली. ते त्याला शिवीपेक्षा जड गेलं. पुढच्या आठवड्यात त्याने तिला कामाला बोलावलं नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यात बोलावलं.

*

जुलैतल्या तपासणीची नोंद, सुलक्षणाच्या वहीतून: होडी ठीक. जॅकेट वीस, एकाचा पट्टा उंदराने कुरतडलेला. दोर ठीक.

तिने वेटोळं खुंटीवरून काढून दोन्ही हातांवर तोललं होतं.

"सोडून बघू या का, नाना?"

"चिखल लागी ताई. मंग कडक होस तो."

"खरंय," ती म्हणाली. "तुमच्यासारखं कोणी जपत नाही. खालच्या एका गावात त्या लोकांनी जॅकेटं फाडून आतल्या फोमच्या उश्या केल्या."

उखर्डूने मान हलवली. त्या लोकांना नावं ठेवल्यासारखी. त्याची त्यालाच ती मान दिवसभर जाणवत राहिली.

तालीम शांत पाण्यात वल्ह्यांनी झाली. पंधरा ऑगस्टला शाळेत उखर्डूला, दोर नीट सांभाळल्याबद्दल, शाल आणि नारळ मिळाला. नारळ पुष्पाबाईने फोडला. शाल त्याने ट्रंकेत तळाशी ठेवली.

*

भाद्रपद. सकाळी नऊला पुनाने भोंगा वाजवला. पुना पोलीस पाटलाचा भाऊ, फोन त्याच्याकडे यायचा. वरच्या धरणाचे सगळे दरवाजे उघडले होते, तेही दीड तासापूर्वी. निरोप उशिरा आला होता. साडेतीन तासांतले फार तर दोन उरले होते.

टेक जसं ठरलं होतं तसं हललं. म्हाताऱ्यांना पिंपळाखाली आणून बसवलं. कुंदाबाईने लेकरांना जॅकेटं घातली, त्यांतली तीन लेकरांच्या गुडघ्यापर्यंत आली. खालच्या कडेच्या पाच झोपड्यांतली माणसं आधी वर यायची होती. ठाकऱ्याने आपली आई पाठीवर आणली आणि खाली ठेवून धापा टाकत म्हणाला, "आते पहिले दोर. बकऱ्या मंग आनसू."

उखर्डूने वेटोळं आणलं. घर ते पिंपळ, दोनशे पावलं. तेव्हा सांगता आलं असतं. पावसाचा आवाज मोठा होता, सगळे धावत होते, आणि तो मनात मोजत होता की नाला रोज शंभराचाच असतो. फुगून किती होईल? एकशे दहा. एकशे पंधरा.

नाला एकशे पन्नास झाला होता.

दोराचं टोक होडीच्या कड्याला बांधलं. होडीत उखर्डूचा मुलगा नवल आणि ठाकऱ्या. अजून वल्हं चालण्याइतकं पाणी आवाक्यात होतं, अर्धा तास तरी. उखर्डू पिंपळाजवळ उभा राहून दोर सोडत होता. निळा दोर बोटांतून सरकत होता, वेटोळं पातळ होत होतं. पलीकडे खांबाजवळ गावात मुक्कामाला असलेली सुलक्षणा आणि गावातली पाच-सहा माणसं. तिचं लाल जाकीट तेवढं दिसत होतं.

होडी मध्याच्या पुढे गेली. बोटांना गाठ लागली.

ती त्याच्या हातात होती तेवढा वेळ त्याने ती सोडली नाही. होडीला हिसका बसला. नवल ओरडला, "सोडा ना बाबा! काय कऱ्हायनात?"

गाठीपुढे काळं चऱ्हाट होतं. भिजून ते फुगलं होतं, आणि त्याचे पीळ उखर्डूच्या अंगठ्याखाली तुटत होते. दोन माणसं त्याच्या भरवशावर पाण्यात होती. त्यांत एक त्याचा होता.

"मांगे फिरा," तो म्हणाला. पावसात ते पोहोचलं नाही. पुन्हा ओरडला. "मांगे फिरा रे!"

लोक वळले. पुना धावत आला. त्याने वेटोळ्याकडे पाहिलं, मग काळ्या दोराकडे, मग उखर्डूकडे.

"हाई काय शे, नाना?"

खिशातला फोन वाजत होता. उखर्डूने तो कानाला लावला.

"नाना, होडी का फिरली? सगळं ठीक?"

"गाठ पडनी ताई."

"सुटेल ना? पाणी वाढतंय. घाई करा."

"हो ताई."

होडी काठाला लागली. नवल उडी मारून आला. चऱ्हाट हातात घेऊन त्याने एक झटका दिला. ते तुटलं. त्याने दोन्ही टोकं बापाच्या पायाशी टाकली. जीवराम मागे उभा होता. तो हळू म्हणाला, "बांधी व्हती, म्हने."

"उरेल दोर कोठे शे?" पुनाने विचारलं. "नाना, सांगा तरी. कोठे शे?"

उखर्डूची मान वर होईना. आणि मग त्याला मोगराबाईचा आवाज ऐकू आला, अगदी साधा, कामावर निघताना असतो तसा.

"मी दखाडस. विळा लई चाला."

*

पंचवीस-तीस माणसं उखर्डूच्या बागेत शिरली. पावसात घोट्यापर्यंत चिखल. मोगराबाई पुढे, बरोबर त्या दोन ओळींत. तिने पहिलं पान ओढलं, निळं दिसलं, तिने गाठीजवळ विळा लावला.

"गाठीजोडे कापा," ती म्हणाली. "मधमा नको."

दोर सुटला की केळ कुरकुरत वाकायची आणि घडासकट चिखलात बसायची. एक पडली, दुसरी पडली. घड अजून हिरवे, महिन्याभराने कापायचे. पडणारी केळ जीवरामच्या खांद्याला घासून गेली, तो बाजूला झाला आणि पुढच्या झाडाला लागला. कोणी शिवी दिली नाही. एवढ्या घाईत शिवी द्यायलाही वेळ नव्हता. उखर्डूही कापत होता. त्याच्या वाटेतून लोक बाजूने जात होते, जसे दगडाच्या बाजूने जातात.

पुष्पाबाई शेवटच्या ओळीत होती. तिने त्याच्याकडे एकदा पाहिलं.

"उनमा कुजस म्हने," ती म्हणाली. एवढंच.

बांधावर मोगराबाई आणि कुंदाबाई बसून तुकडे जोडत होत्या. नायलॉनची गाठ साधी मारली तर घसरते. मोगराबाई टोक दोनदा आत घेऊन, पाय लावून ओढायची. पाचव्या गाठीला तिच्या तळव्यातून रक्त आलं. तिने ते लुगड्याला पुसलं.

बावीस तुकड्यांनंतर पुनाने अंदाज घेतला. "पुरी जाई."

तोवर तासाच्या वर गेला होता. दोर उचलून सगळे पिंपळाकडे पळाले तेव्हा ठाकऱ्याने वाटेत थांबून खाली पाहिलं. कडेच्या पाच झोपड्यांची छपरं तेवढी दिसत होती. त्याच्या झोपडीचं तेही दिसत नव्हतं. दोन्ही शेळ्या आत खुंटीला होत्या.

मोगराबाईने एकदा हाक मारली. शेळीला मारतात तशी, ओठ दुमडून. मग तीही पळाली, कारण गाठी तिलाच माहीत होत्या.

*

दुसऱ्या खेपेला नवल आणि ठाकऱ्याने दोर पलीकडे नेला. आता वल्हं धरत नव्हतं. पलीकडच्या माणसांनी गळाने होडी ओढून घेतली. सुलक्षणाने दोर खांबाला बांधताना पहिली गाठ पाहिली, मग दुसरी. तिच्या हाताखालून त्या जात राहिल्या. तिने फोन केला नाही.

होडीत एका वेळी आठ माणसं. अठरा खेपा. वर पकडायचा दोर आणि त्यावर बावीस गाठी. ओढणाऱ्याला प्रत्येक गाठीशी हात सोडून पुढे धरावा लागे, त्या क्षणी होडी प्रवाहाबरोबर खाली ओढली जाई आणि आतली लेकरं किंचाळत. म्हाताऱ्या सुनंदाबाईला दिसत नव्हतं. तिने दोराला हात लावला आणि मोजायला लागली. पलीकडे उतरल्यावर तिने मोठ्याने विचारलं, "दोर इतला तुटेल कसा वं? नवा व्हता ना?"

होडी परत फिरली.

उखर्डू टेकावरचं टोक धरून शेवटपर्यंत उभा होता. पिंपळाला बांधलेलं असूनही. शेवटच्या खेपेला पुना म्हणाला, "चला आते," तेव्हा बोटं उघडेनात. नवलने एकेक करून ती सोडवली. बापाच्या तोंडाकडे न बघता.

माणूस एकही गेला नाही. शाळेत पोहोचल्यावर मोजणी झाली, एकशे चाळीस. गावाने खिचडी केली होती. मोगराबाई भिंतीशी ओल्या लुगड्यात बसली होती, तळवे उलटे ठेवून. घरातून निघताना पुष्पाबाईने ट्रंकेतून काय काढून आणलं होतं ते तेव्हा कळलं. तिने ती शाल मोगराबाईच्या खांद्यावर टाकली. ओलं लागताच शालीचा लाल रंग तिच्या मानेवर उतरला. उखर्डू ताट घेऊन बाहेर गेला आणि नळाशी उभा राहिला. कोणी बोलावलं तर आत जायचं, असं त्याने ठरवलं. खिचडी गार झाली.

*

पाणी चौथ्या दिवशी उतरलं. घरांत वीतभर गाळ. दहा दिवस टेक घमेल्याने गाळ उपसत होतं. सुलक्षणा रोज यायची, पावडर, ताडपत्र्या, औषधं घेऊन. उखर्डूशी ती पूर्वीसारखंच नीट बोलायची, फक्त नाना म्हणत नव्हती. काही म्हणतच नव्हती.

तलाठी पंचनाम्याला आला. उखर्डूच्या बागेत आडव्या पडलेल्या केळी पाहून त्याने पेन काढलं.

"पुरात गेली ना सगळी?"

बांधावर सात-आठ जण होते. बाग उंचावर होती, तिथे पाणी आलंच नव्हतं, हे प्रत्येकाला माहीत होतं. उखर्डूने तोंड उघडलं.

"लिखा साहेब," ठाकऱ्या म्हणाला. "पूरमाच गयात."

तलाठ्याने लिहिलं. मग ठाकऱ्याला विचारलं, "तुझं काय?"

"झोपडी. दोन बकऱ्या. एक गाभन व्हती."

"उतारा? शेळ्यांचे टॅग? मेलेल्या सापडल्या?"

"नई."

"मग कसं लिहू?"

"नका लिखू," ठाकऱ्या म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता.

"साहेब," उखर्डू म्हणाला. सगळे वळले. "मना कागद फाडा. तठे पानी नई उनं. दोर कापाना व्हता म्हनीसन पाड्यात केळी. दोर मीच चोरेल व्हता."

तलाठ्याने कागद उलटून पाहिला. "फाडता येत नाही," तो म्हणाला. "खोडतो." त्याने आडवी रेघ मारली आणि बाजूला सही घ्यायला कागद पुढे केला. उखर्डूने सही केली. त्याला वाटलं होतं, बोलल्यावर काहीतरी हलकं होईल. बांधावरची माणसं निघून गेली, जशी काम संपल्यावर जातात.

"काबर बोलनात?" ठाकऱ्या जाताना म्हणाला. "मी सांगेल खोटं पडनं ना आते."

*

दोनशे मीटर.

नवा दोर आला, यावेळी पिवळा. पिंपळाखाली बैठक बसली. "कोणाकडे ठेवायचा?" सुलक्षणाने विचारलं. उखर्डूकडे कोणी पाहिलं नाही, चुकूनसुद्धा नाही.

"मोगरा," जीवराम म्हणाला. कुंदाबाईने हात वर केला, मग सगळ्यांनी. उखर्डूचा हात किती वर गेला ते त्याला कळलं नाही.

वेटोळं त्याच्या पायाशीच पडलं होतं. त्याने ते उचललं आणि खालच्या कडेला निघाला. ठाकऱ्याची नवी झोपडी म्हणजे चार बल्ल्या आणि ताडपत्री. भिंत नव्हती, खुंटी मारायला जागा नव्हती. मोगराबाई चुलीला माती लावत होती.

"कोठे ठेवू?"

"जमीनवर नको. वल्लं शे."

तो वेटोळं खांद्यावर घेऊन उभा राहिला. बैठकीतली माणसं हळूहळू मागून आली होती.

"सोडीसन दखाडू का?" त्याने विचारलं.

तिने मातीचे हात पदराला पुसले. तळव्यांवरच्या जखमांच्या खपल्या अजून पडल्या नव्हत्या.

"हा," ती म्हणाली. "सोडा."

तो दोर सोडत गेला, ती हातावर मोजत गेली. कडेपासून वर पिंपळापर्यंत, पुन्हा खाली. पाऊण तास लागला. ती घाई करत नव्हती आणि मधे थांबतही नव्हती. मोजून झाल्यावर ती म्हणाली, "बराबर शे." आणि चुलीकडे वळली.

जानेवारीत, पहिल्या बैठकीत, दोर सांभाळायला पहिलं नाव ठाकऱ्याचं निघालं होतं. "तो बजारमा इकी टाकी," असं उखर्डू सगळ्यांसमोर म्हणाला होता.